प्रसादाची फणी

आमच्या हिच्या मामांइतकं केळीवर जीव टाकणारं माणूस साऱ्या कृष्णाकाठावर झालं नसेल. आणि झालं असेल तर त्याच्या बायकोला देव सुखी ठेवो. मामांची बाग नृसिंहवाडीच्या अलीकडे, नदीकाठच्या काळ्या रानात. सकाळच्या चहाआधी त्यांची बागेत फेरी व्हायची. भाराने वाकलेली केळ दिसली की "दमलीस व्हय बाई?" असं विचारून तिला टेकू द्यायचे. मामी तापाने फणफणल्या होत्या तेव्हा हे गृहस्थ घडांना ऊन लागू नये म्हणून सुकी पानं पांघरवत हिंडत होते. मामी हे आजही सांगतात, पण रागाने नाही. मी मामांकडे मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांच्या आधी त्यांनी माझ्या हातात केळं दिलं आणि समोर बसून राहिले. मी संकोचाने अर्धं खाऊन उरलेलं बशीत ठेवलं. "पावणं, ऱ्हायलेलं कुणी खायचं?" मी निमूट संपवलं. तेवढ्यावर लग्न ठरलं असं ही म्हणते. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या शाळेत माझी कायमची नोकरी होती, हे कुणी लक्षातच घेत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावात केळी दुबईला पाठवायचं वारं आलं. पाच बागायतदार एकत्र आले, माल भरायला शेड उभी राहिली. घड जमिनीला टेकवायचा नाही, केळ्यावर ओरखडा चालायचा नाही, माल हिरवागार पोचला पाहिजे, असे नाना नियम. मामांना ते फार पटले. माल भरणाऱ्या बायकांची नखं ते स्वतः तपासायचे. दुबईच्या व्यापाऱ्याचे फॅक्स माझ्या शाळेशेजारच्या दुकानात यायचे; ते आणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, कारण मी इंग्रजीचा मास्तर.

पहिला कंटेनर गेला आणि काही दिवसांनी फॅक्स आला. सगळी केळी वाटेतच पिकून मऊ पडली होती, या गावचा माल पुन्हा नको. शेडमध्ये बैठक बसली. कंटेनरचं थंड करायचं यंत्र ड्रायव्हरने बंदरापर्यंतच्या वाटेत बंद ठेवलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या गरिबाची नोकरी घालवायला दोघे निघालेसुद्धा. तेव्हा मामा उठले.

"ड्रायव्हरचं काय बी चुकलं न्हाय. शेवटच्या खोक्यात मी वाडीच्या परसादाची फणी घातलती."

पिकलेली फणी! एक पिकलं केळं शेजारच्या हिरव्यांना पिकवतं, हे आम्हाला शिकवलं कुणी, तर मामांनीच. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्यांचा चेहरा बघून मी तो फॅक्स घडी करून खिशात टाकला.

"एवढ्या लांब चाललीती," मामा म्हणाले. "संगं देवाचं काय तरी असावं वाटलं. परसाद असं करंल, हे डोक्यातच आलं न्हाय."

शेवटी बांधावरून ज्याच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण होतं तो शेजारी म्हणाला, "घातलीस ते घातलीस, आमाला सांगायचंस की. आमी परत्येक खोक्यात घातली असती." सगळे हसले. मामा हसले नाहीत.

मग मी विनवण्यांची पत्रं लिहिली, आणि वर्षभराने व्यापाऱ्याने आणखी एक संधी दिली. मामांनी आपले घड दिले, पण शेडकडे फिरकले नाहीत. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय, जावईबापू," म्हणून माल भरायच्या दिवशी कोल्हापुरात आमच्याकडे येऊन बसले, ते दुबईचा निरोप येईपर्यंत हललेच नाहीत. रोज शाळेतून आलो की माझ्या हाताकडे बघायचे. एके दुपारी मी फॅक्स घेऊन आलो आणि उंबऱ्यातूनच सांगितलं, "मामा, हिरवीगार पोचली."

"समदी?"

"समदी. आणखी मागवलीत."

मामांचा चेहरा असा फुलला की आमची ही पदराने डोळे टिपायला लागली. मग ते खिडकीकडे वळले. "देव संगं न्हवता," ते हळूच म्हणाले, "मी बी न्हवतो. तरी पोचली की."

मी तो फॅक्स त्यांच्या हातात दिला. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो फॅक्स मामींनी अजून जपून ठेवलाय.