गावकीची भांडी आणि एक वाळीत टाकलेला माणूस

गावकीच्या भांड्यांची ती चोरी आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं.

तेव्हा माझी नेमणूक रोहा तालुक्यात होती. एका सकाळी हजेरी चालू असताना जवळच्या गावचा गावकीप्रमुख ठाण्यात आला. लग्नकार्यात सगळ्या गावाला लागणारी तांब्याची मोठी भांडी देवळामागच्या खोलीतून गेली होती. चोराचं नावही त्याच्याकडे तयार होतं. गावातलाच तिशीचा माणूस, पूर्वी गर्द ओढायचा. उपचार घेऊन सुधारला होता, तरी गावकीनं त्याला आणि त्याच्या आईला वाळीत टाकलं होतं. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. गर्दुल्ला कधी सुटत नाही, असं आम्हा पोलिसांचंही मत. मी लगेच त्याला बोलावलं.

दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसवून ठेवलं, दरडावलं, तेच तेच विचारलं. चोरी झाली तेव्हा मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामावर होतो, तिथेच मुक्काम होता, एवढंच तो सांगत राहिला. मला ते पाठ केल्यासारखं वाटलं. पेणला माणूस पाठवून खात्री करायचा कंटाळा मी केला. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी कारखान्याची मालकीणच आली. साठीची बाई, हातावर शाडू सुकलेला. गर्द सोडलेले चौघे तिच्याकडे कामाला होते. एखादा आला नाही, तर बाकीच्यांनी त्याला घरून घेऊन यायचं आणि मगच जेवायला बसायचं, असा तिचा नियम. चोरीच्या दिवशी तो तिथेच होता, अशी साक्ष तिनं दिली. मग मला म्हणाली, "आठ महिने सांभाळलाय मी त्याला. माणसांत राहिला तर टिकतो तो. तुमी भिंतीकडं तोंड करून बसवलात. उद्या परत ओढायला लागला, तर गुन्हा कोनावर लिवणार, साहेब?"

मी त्याला सोडलं आणि जे आधी करायचं ते मग केलं. भंगारवाले तपासले. मुद्देमाल वडखळला सापडला. विकणारा निघाला गावकीप्रमुखाचा मुलगा, डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये कंत्राटी शिफ्ट करणारा. तोही गर्दच ओढत होता, आणि बापाला ते ठाऊक होतं.

बाप हात जोडून म्हणाला, "गावात कळू देऊ नका, साहेब. आमाला वाळीत टाकतील."

एका म्हातारीशी वर्षभर गावाला बोलू न देणारा हा माणूस! मी इतका संतापलो की हवालदारानं मला बाहेर नेलं.

मुलगा शिक्षा भोगून आला, तेव्हा गावानं खरोखरच दार लावलं. त्याला पेणच्या कारखान्यात घेऊन गेला तो मी बसवून ठेवलेला माणूस. असं का केलंस, मी विचारलं.

"एकटा राहिला तर मरंल, साहेब. मला माहीत हाय."

गर्द विकणारे मी नोकरीत पुष्कळ पकडले. माणसाला एकटं पाडणाऱ्यांना मात्र कधी हात लावला नाही. उलट त्या दोन दिवसांत त्यांचंच काम मी सरकारी पगारावर केलं.