करुणाताईंचा खुनाचा रविवार

आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे सणच. त्या शुक्रवारी पिंप, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून झाला होता आणि मी धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच. काकासाहेब, सोसायटीचे सेक्रेटरी. पिठाच्या हातानंच कडी काढली.

काकासाहेब बनियनवर उभे. हातात सांडशी, आणि सांडशीत एक काळा हातमोजा. पाल धरावी तसा अंगापासून लांब धरलेला.

कुणाचा आहे, असं त्यांनी विचारलं. मी पाहिलं. कोपरापर्यंतचा, उन्हात स्कूटी चालवताना पोरी घालतात तो. वरच्या मजल्यावरच्या मोनिकाचा, दुसरा कुणाचा. धुऊन जिन्याच्या कठड्यावर टाकला असणार, वाळून ताठ झालेला. पण पहाटे मोटर लावायला उतरलेल्या गोजरबाईंना, म्हणजे काकासाहेबांच्या पत्नीला, अंधारात तो कठड्यावरून वर आलेला हात दिसला. त्या मोटर न लावताच माघारी फिरल्या आणि तेव्हापासून उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या.

"वहिनी, हे लई झालं," काकासाहेब म्हणाले. "त्या समोरच्या बाईचे खुनाचे सिनेमे बंद. या रविवारपासून हॉलला कुलूप. तुम्ही शेजारी राहता, तुम्हीच सांगा त्यांना."

सांगायची कामं नेहमी शेजारणीकडेच येतात. मी हात धुतले आणि समोरचं दार वाजवलं.

करुणा खरात. मुकुंदवाडीत त्यांना सगळे करुणाताई म्हणतात, त्यांच्याहून मोठेसुद्धा. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, पण त्यांची निम्मी नोकरी फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेली, एका लाल दिव्याच्या उजेडात. नवरा धम्मपाल रेल्वेत होता, तो लवकर गेला. मुलगा पुण्याला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलानं मोठा टीव्ही आणून दिला आणि पडल्या पडल्या त्या एक जुना इटालियन सिनेमा बघत बसल्या. भाषा कळत नव्हती. पण त्यात एक बोळ होता, सगळा लाल उजेडात बुडालेला, आणि त्या बोळातून एक बाई भिंतीला हात लावत चालली होती. ताई मला म्हणाल्या होत्या, "सुलेखा, मला वाटलं ही माझीच खोली. मग म्हटलं, बघू तरी हिचं काय होतं."

तेव्हापासून त्यांना नाद लागला. खालची इंग्रजी अक्षरं वाचायची सवय झाली. इटलीत खुनाच्या स्वस्त कादंबऱ्यांना पिवळी कव्हरं असायची, म्हणून तसल्या सिनेमांनाही तिकडे पिवळेच म्हणतात, जाल्लो. आपल्याकडे पिवळं पुस्तक म्हटलं की लोकांच्या भुवया भलतीकडेच जातात, तेव्हा ताईंनी ते नाव सोसायटीत कधी काढलं नाही. खुनाचे सिनेमे, एवढंच. त्यांना त्यातही एक विशिष्ट जात आवडते. जुना बंगला, शापित घराणं, मेलेल्या बाईचं चित्र, आपोआप वाजणारी घंटा. सगळं भुताचं वाटावं असं, आणि त्यात एकामागून एक खून.

मग त्यांनी सोसायटीच्या हॉलची चावी मागून घेतली आणि तिथं रविवारी दुपारी बायकांना हे सिनेमे दाखवायला सुरुवात केली. दाखवायला म्हणजे सांगायला. अक्षरं इंग्रजीत, आणि आमच्यातल्या अर्ध्याजणींना चष्म्यातूनही ती पळताना दिसतात. ताई टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसतात, हातात रिमोट, आणि मराठीतून सिनेमा सांगतात. तिकडची नावं जिभेला वळत नाहीत, म्हणून सगळ्यांची बारशी नव्यानं होतात. निळा कोट, डॉक्टर, मालक, मालकाची बहीण. चाकू निघायच्या आधी त्या "पदर घ्या" म्हणतात. ज्यांना बघायचं नाही त्या डोळ्यांवर पदर किंवा ओढणी घेतात. नको तसला प्रसंग आला की "हे आपल्या कामाचं नाही" म्हणून पुढे ढकलतात. शेवटाच्या थोडं आधी सिनेमा थांबतो. टेबलावर वाट्या मांडलेल्या असतात, एकेका वाटीवर एकेकाच्या नावाची चिठ्ठी. प्रत्येकीनं ज्वारीचा एक दाणा उचलायचा आणि खुनी वाटेल त्याच्या वाटीत टाकायचा. मग उरलेला सिनेमा. ज्यांचा दाणा बरोबर पडतो, त्यांना चहा आधी.

एवढंच. पण इमारतीतल्या बायका रविवारी दोनच्या आत भांडी उरकायला लागल्या होत्या. छावणी भागातून ताईंची दवाखान्यातली जुनी मैत्रीण सगीराबी रिक्षा करून यायची.

मी हातमोज्याची हकिगत सांगितली. ताई हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. गोजरबाई आता कशा आहेत, हे आधी विचारलं. मग गॅस बंद केला आणि पारूमावशीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं शेजारी राहून ती मी पहिल्यांदा ऐकली.

ताई लहान असताना खुलताबादजवळच्या त्यांच्या गावात एका घरावर दगड पडायला लागले. दिवेलागणीला, रोज. दोरीवरचे कपडे पेटायचे. गाव म्हणालं, भानामती. कुणी केली, तर शेवटच्या घरातल्या पारूबाईनं. ही ताईंची मावशी, नवरा गेलेली, दोन एकरांची एकटी मालकीण. ताईंनी एका संध्याकाळी भिंतीमागून वर आलेला हात पाहिला होता. पुरुषाचा हात, सदऱ्याची बाही. घरी सांगितलं, शेजारी सांगितलं. पोरीला कोण विचारतं. सगळ्यांनी भूत पाहिलं होतं आणि हिनं नुसती बाही. पारूमावशी एका पहाटे गाव सोडून गेली. तिचं रान दिरानं कसायला घेतलं, आणि पुढे कधीतरी दारूच्या नशेत त्यानंच हसत हसत सांगितलं, दगड कसे फेकायचा ते.

"त्या लोकांची चूक काय झाली माहितेय?" ताई म्हणाल्या. "ते मधेच उठून गेले. भूत नेहमी मधेच असतं, सुलेखा. शेवटपर्यंत बसलं की माणूस निघतो."

मग त्या उठल्या, गुडघा धरत जिना उतरल्या आणि काकासाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होतेच. ताईंचा आवाज कधी चढत नाही. एक्स-रे काढताना श्वास रोखायला सांगावं तशा त्या बोलतात, आणि समोरचा रोखतो. त्या म्हणाल्या की या रविवारी तुम्ही या आणि पूर्ण बसा. शेवटी खुनी भूत निघालं, तर हॉलची चावी मी स्वतः तुमच्या हातात देईन आणि परत मागणार नाही. माणूस निघाला, तर चावी माझ्याकडे. अट एकच, मधे उठायचं नाही.

काकासाहेब म्हणाले, मी कशाला भितो. आतून गोजरबाई म्हणाल्या, मी पण येते. पहाटे हात पाहिल्याचं सांगितलं, त्यानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं.

रविवारी हॉलच्या दाराला लिंबू-मिरच्या बांधलेल्या दिसल्या. कुणी बांधल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दोरा काकासाहेबांच्या पतंगाचा होता. ताईंनी त्या सोडल्या नाहीत. खालून वाकून आत गेल्या.

सिनेमा तळ्याकाठच्या बंगल्याचा होता. मालकाची बायको वारलेली, घरात त्याची बहीण, एक डॉक्टर आणि मोलकरीण, जिन्यात बायकोचं माणसाएवढं चित्र. वरची तिची खोली कुलूपबंद, पण कधीकधी तिथं हिरवा उजेड दिसायचा. उजेड दिसला की सकाळी एक माणूस कमी. काकासाहेब मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. पहिल्यांदा हिरवा उजेड पडला तेव्हा घडी सुटली.

मग खुनी आला. म्हणजे नुसता दिसला. लांब कोट, चेहरा रुमालात गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, आणि काळे हातमोजे. संगीत असं की दाताला कळ यावी. तिकडे इटलीत या क्षणी लोक खुर्चीला चिकटत असतील. आमच्या हॉलमध्ये कुणी हललंही नाही.

"ये तो धूप में निकली दिखती," सगीराबी म्हणाली.

हॉलभर हसू पसरलं. खरंच होतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या शहरातली कुठलीही पोर गाडी काढते ती अशीच. स्कार्फ गुंडाळून, डोळे तेवढे उघडे, कोपरापर्यंत काळे हातमोजे. सिग्नलला अशा दहाजणी उभ्या असतात आणि आपण त्यांना चालीवरून ओळखतो. ताईंना रिमोट दाबून थांबावं लागलं. त्यांनी समजावलं, तिथं इतकं ऊन नसतं, तिथं चेहरा असा झाकला की समजायचं, लपवायचंय. गोजरबाई पुढच्या रांगेत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "पण बाईच हाय ती. मफलर कसा खोचलाय बघा, बाप्याला नाय जमत."

आणि मग मधला भाग आला. वादळ, दिवे गेलेले, जिन्यातलं चित्र रिकामं. चौकट तिथंच, बाई नाही. मग वरच्या पायरीवर तीच पांढऱ्या झग्यातली बाई, केस मोकळे, पाय झग्यात असे की टेकताना दिसत नाहीत. मी स्वतः डोळ्यांवर पदर ओढला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काकासाहेब उभे होते.

"झालं की सिद्ध," ते म्हणाले. "भूतच हाय. द्या चावी."

ताईंनी सिनेमा थांबवला नाही. त्यांच्याकडे पाहिलं फक्त. तो माणूस दाराकडे निघाला असता तर अर्धा हॉल त्याच्यामागे गेला असता. बायकांचं धैर्यही असंच असतं, एकीनं पदर आवरला की सगळ्या आवरतात. हॉल गेला असता, रविवार गेला असता, आणि इमारतीत कायमचं ठरलं असतं की करुणाताईंनी भूत आणलं. एकदा अशा गोष्टी ठरल्या की माणसाला घर बदलावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

"बसा की खाली," गोजरबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळं मागच्यांना दिसंना."

काकासाहेब बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली की उभं राहणं अवघड जातं.

दाणे टाकायची वेळ झाली. काकासाहेबांनी आपला दाणा मेलेल्या बायकोच्या वाटीत असा ठेवला की सगळ्यांना दिसावा. सिनेमा मात्र उघड उघड डॉक्टरकडे बोट दाखवत होता, त्याच्या बॅगेत वस्तरा सापडला होता. तरी डॉक्टरच्या वाटीत एकही दाणा नव्हता. बाकी सगळे मालकाच्या बहिणीच्या वाटीत. खुनी बाई हे ठरलंच होतं, आणि मोलकरणीवरचा संशय फिटल्यावर बंगल्यात बाई उरली होती ती एवढीच.

आणि निघाली बहीणच. वादळातला तो झगा तिचा, हिरवा दिवा तिचा, चित्र चौकटीतून काढून तिनंच गुंडाळून ठेवलेलं. तळं, बंगला, सगळं आपल्या नावावर व्हावं म्हणून. रुमाल सोडला तेव्हा संगीत केवढं तरी दणाणलं, पण आमच्या बायका "सांगितलं होतं ना" म्हणत चहाकडे वळल्याही होत्या. जो धक्का द्यायला तिकडच्या माणसांनी एवढा बंगला उभा केला, तो मुकुंदवाडीच्या उन्हानं आधीच पचवून टाकला होता.

ताई हसत नव्हत्या. पडद्यावर त्या बहिणीला पोलीस नेत होते, आणि बंगल्यातली मोलकरीण, जिच्यावर आधी सगळ्यांनी संशय घेतला होता, ती दारात उभी होती. ताई तिच्याकडे बघत होत्या. सिनेमा पूर्ण संपेपर्यंत, तिकडची नावं वर सरकून जाईपर्यंत, त्यांनी रिमोट खाली ठेवला नाही.

काकासाहेब चहाचा कप घेऊन पुढे आले. हरलेला माणूस आधी बारीकसारीक प्रश्न विचारतो, तसं त्यांनी विचारलं. हिरवा उजेड कशाचा होता, झगा कुठून आणला. ताईंनी सगळं नीट सांगितलं. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, चावी राहू द्या तुमच्याकडंच. आता खाली कट्ट्यावर सगळे विचारतील काय झालं, त्यांना सांगतो. त्यांचा चेहरा खुलला होता. माणसाला माहीत असलेली गोष्ट सांगायला मिळणार होती.

ताईंनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला.

"एक विनंती आहे, काकासाहेब," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सगीराबी तिच्या छावणीच्या बायका आणणार आहे, हाच सिनेमा बघायला. खुनी कोण ते तेवढं कुणाला सांगू नका."