बर्फ शे ना आजून?

त्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी तयारच बसले होते. धुळ्यातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, कूलरसमोर, लॅपटॉपवर सामना लावून, चहाचा कप हाताशी घेऊन. सामन्याच्या दिवशी या वेळेला फोन भाऊचाच असायचा. गेले चार महिने त्याला दिसत नव्हतं, त्यामुळे मी बघायचं आणि त्याला सांगायचं, असा आमचा रिवाज पडला होता. साडेसात म्हणजे साडेसात. जरा उशीर झाला की "शालू, तुनं घड्याळ बंद पडनं का?" असं जळगावहून विचारणा व्हायची. मी फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हणाले, "उतरले रे भाऊ मैदानात." पलीकडून वहिनीचा आवाज आला. "शालूताई, आज सामना लावू नका." समोर पांढऱ्याशुभ्र बर्फावर माणसं सरसर घसरत होती आणि मला एवढंच वाटत होतं, की हे आता कुणाला सांगायचं. आवाज बंद करायचंसुद्धा मला सुचलं नाही.

भास्कर माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे सोनगीरजवळच्या एका खेड्यातले. मी शिकून धुळ्याला भूगोलाची शिक्षिका झाले आणि भाऊ विशीत जळगावला एका बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे तो कारखानाच त्याचा झाला. जळगावच्या उन्हाळ्यात बर्फवाल्याला किती मान असतो ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. भाऊला त्या मानापेक्षा बर्फाचंच कौतुक जास्त होतं. पाण्याच्या डब्यात नळीने हवा सोडत राहिलं, पाणी हलतं ठेवलं, तर लादी काचेसारखी पारदर्शक होते. हवा थांबली की मधोमध पांढरा गाभा धरतो. भाऊ प्रत्येक खेपेतली एक लादी उभी करायचा, तिच्यामागे वर्तमानपत्र धरायचा आणि मोठ्याने बातमी वाचायचा. वाचता आली तर ती खेप रसवंतीला, लग्नघरांना. नाही आली तर मासळीवाल्यांना, आणि त्या दिवशी कारखान्यात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीचा भाऊ साडीचोळी घेऊन येतो. माझा भाऊ बारदानात गुंडाळलेली लादी घेऊन यष्टीतून उतरायचा. धुळ्याला पोचेपर्यंत ती निम्मी झालेली असायची. सासूबाई पदराआड हसायच्या आणि मग आमरसात तोच बर्फ सगळ्यांत आधी स्वतःच्या वाटीत घालून घ्यायच्या. मला त्या वेळी त्याची लाजही वाटायची, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

अशा माणसाला साठी उलटल्यावर बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं. त्याच्या जावयाने पुण्याहून येऊन घरात मोठा टीव्ही बसवून दिला होता, त्यात इंटरनेट. त्यावर कुठेतरी भाऊला एक गाडी दिसली. रोडरोलरएवढी, पण चालते अगदी सावकाश. मैदानभर फिरते आणि मागे ओला, नितळ बर्फ सोडत जाते. भाऊ ते आठ दिवस बघत होता. मी तेव्हा जळगावलाच होते. मलाही शेजारी बसवून घेतलं. "देख, कितला शांत चाली राहिना," म्हणाला. बाहेर मे महिना, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि पडदे ओढलेल्या त्या खोलीत आम्ही दोघं म्हातारी भावंडं एका पांढऱ्या मैदानावरून सावकाश फिरत होतो... मला तिथेच बसल्या बसल्या डुलकी लागली आणि झोपेतही ती गाडी चालूच राहिली. नवव्या दिवशी भाऊने विचारलं, एवढा बर्फ करून हे लोक त्यावर करतात तरी काय. तिथून सामने सुरू झाले.

संघही त्याने बर्फ बघूनच निवडला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तो संघ, नाव लांबलचक. भाऊ त्यांना नुसतं 'आपले निळे' म्हणायचा. खेळाच्या दृष्टीने निवड साफ चुकली होती, कारण निळे हरण्यात पटाईत होते. पण त्यांचं मैदान त्याच्या मते सगळ्यांत स्वच्छ. "ह्या बर्फखाले पेपर ठेवा ते वाचता यी," हे त्याचं प्रमाणपत्र. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. दिवाळीच्या सुमारास मोसम रंगात यायचा, थंडीत सामना साडेआठला असायचा आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेसातला. निळे पूर्वेकडे खेळायला गेले की पहाटे साडेपाच. हे वेळांचं गणित मी त्याला शाळेतल्या पृथ्वीगोलावर समजावून दिलं होतं, आणि त्याची फी म्हणून मलाही सामने बघायला लावले गेले. तो जळगावला, मी धुळ्याला, दोघांचे टीव्ही चालू आणि मध्ये फोन. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सकाळी उठून करायचं काय, हा माझा मोठाच प्रश्न होता, आणि तो विषय भाऊने कधी तोंडाने काढला नाही. नुसता फोन करत राहिला.

पहिल्या मोसमात त्याने एक घोळ घातला, तो बर्फवाल्यानेच घालावा. खेळ जोरात चाललेला असताना मधेच शिट्टी व्हायची, पंच हात वर करायचा, आणि समालोचक म्हणायचा, "आयसिंग." भाऊ लगेच फोनवर, "बर्फ बिघडना त्यासना. पंच बी बोली राहिना." सबंध हिवाळा तो त्या न पाहिलेल्या बर्फवाल्यावर चिडत होता. हवा नीट सोडत नसतील, मिठाच्या पाण्याची थंडी कमी पडत असेल, रात्रपाळीचा माणूस झोपत असेल, अशी एकेक कारणं काढायचा. शेवटी मी नियम शोधून वाचले. आपल्या अर्ध्या मैदानातून चकती, म्हणजे त्यांचा चेंडू, थेट पार टोकापर्यंत फटकावली की खेळ थांबवतात, त्या चुकीचं ते नाव. बर्फाशी त्याचा काही संबंध नाही. भाऊने तो नियम माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाला, "मंग तसं नाव कसाले ठेवतस? बर्फनी काय चूक शे त्यामा?" मला हसू आवरेना. तो मात्र खरोखर दुखावला होता.

गेल्या जानेवारीत त्याची दृष्टी गेली. साखर जुनीच होती, ती डोळ्यांत उतरली, मग मूत्रपिंडापर्यंत गेली. अंधार नव्हता म्हणे. दोन्ही डोळ्यांपुढे पांढरं धुकं. मी भेटायला गेले तेव्हा टीव्ही चालू होता आणि तो त्याच्याकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, "मैदान दिसस. खेळाडू दिसतस नही." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तू सांग. मी आयकस." तेव्हापासून मी सांगू लागले. चाळीस वर्षं वर्गात बोलले, पण इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा ही त्याची अट होती. खेळाडूंच्या बुटांखालच्या चकाकत्या पात्यांचा बर्फावरचा करकराट तो फोनमधून ऐकायचा आणि आज बर्फ कडक आहे की मऊ, ते सांगायचा. माझं लक्ष चकतीमागे धावून थकायचं, आणि तो त्या पांढऱ्यात आरामात बसलेला असायचा. कधी कधी मलाच वाटे, की खरं मैदान त्याला दिसतंय आणि मी आपली नुसती बडबड करतेय.

आणि त्याच वर्षी निळ्यांना काय झालं कोण जाणे, ते जिंकू लागले. एप्रिलमध्ये मोसम संपतो तेव्हा निवडक संघ पुढच्या फेऱ्यांत जातात. भाऊने संघ धरल्यापासून निळे तिथे कधी पोचले नव्हते. या वर्षी पोचले. भाऊला मूत्रपिंडासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेत होते. डॉक्टरांनी वहिनीला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. मला वहिनीने फोनवर सांगितलं. भाऊला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो काय खुळा होता? आखाजीच्या दिवशी मी आंबे घेऊन गेले तर म्हणाला, "आखाजी उनी, तरी त्यासना बर्फ शे." आखाजी आली तरी बर्फ कसा, ते मग त्याने मला समजावलं. संघ स्पर्धेत आहे तोवर मैदानाचा बर्फ राखतात. हरून बाहेर पडला की दुसऱ्या दिवसापासून तो वितळवायला घेतात, खालचे रंगीत पट्टेसुद्धा धुऊन जातात, मग तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. बोलताना माझा हात धरला होता त्याने. इतक्या वर्षांत त्याने माझा हात कधी धरलेला मला आठवत नाही.

निळे पहिल्याच फेरीत हरले. त्या सकाळी भाऊ दवाखान्यात होता, म्हणून मी तो सामना एकटीने पाहिला. शेवटची शिट्टी झाली, खेळाडू रांगेत उभे राहून हात मिळवून निघून गेले आणि मैदान रिकामं झालं. मी दिवसभर वाक्यं जुळवत बसले. हरले रे भाऊ, पण काय खेळले... संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. सामन्याचं काही विचारलंच नाही त्याने. "शालू, बर्फ शे ना आजून?"

मी म्हणाले, "शे, भाऊ."

एकदा बर्फ आहे म्हटल्यावर मागे येता येईना. भाऊचा टीव्ही आता कुणी लावत नव्हतं आणि जळगावात त्या संघाचं नाव घेणारं दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे उघडं पडायची भीती नव्हती. मी इंटरनेटवरून जुने सामने काढले. एक दिवाळीतला होता, प्रेक्षकांचा आवाज भरपूर म्हणून तो मला सोयीचा. निळे तो हरले होते. पण शेवटची दोन मिनिटं आली की आवाज बारीक करायचा आणि आपल्या तोंडाने जिंकवायचं, हे मला जमू लागलं. आयुष्यभर मुलांना खोट्यावरून पट्टी दाखवणारी मी बाई, सकाळी साडेसातला लॅपटॉपसमोर बसून नसलेल्या गोलांची वर्णनं करत होते. निळ्यांना मी दुसऱ्या फेरीतून पार नेलं. रात्री पडल्या पडल्या पुढच्या सामन्यात कोण पडेल, कोण उठेल, ते ठरवायचे आणि ठरवता ठरवता झोप लागायची. झोपेत निळे माझ्याविना खेळत राहायचे. सकाळी मला खरंच आठवेना, काय घडलंय आणि काय मी घडवलंय. एवढं मात्र पक्कं होतं, की ज्या माणसाने पांढऱ्या गाभ्याची लादी कधी रसवंतीला जाऊ दिली नाही, त्याला मी रोज खोटं पाजतेय. तो गेल्यावर दुःखाच्याही आधी मला हे बोचलं. तो फसवला जाऊन गेला आणि फसवणारी मी होते.

परवा जळगावला जाऊन आले. भाऊची खोली वहिनीने तशीच ठेवली आहे. पडदे ओढलेले, भिंतीकडची खाट, उशाशी त्याचा फोन. वहिनी तो रोज चार्ज करून ठेवते. बाहेर ऊन होतं आणि आत बरंच गार वाटत होतं. मी खाटेवर बसले आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं. निळे कधीच हरले होते. पुढचं सगळं मी रचलं. भाऊशी मी खोटं बोलले.

वहिनी पहूरची. कमी बोलणारी. ती चादरीची घडी करत राहिली. म्हणाली, "त्यांना माहीत होतं, ताई."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी ओळखलं त्यांनी. फोन कानापासून दूर धरून मला म्हणाले, हा दिवाळीतला सामना आहे. बर्फाच्या आवाजावरून म्हणे, तेव्हाचा बर्फ कडक होता. मी म्हटलं, मग ताईंना सांगा ना, उगाच कशाला त्यांना त्रास. तर मलाच म्हणाले, चूप बठ. बाई कितली मेहनत करी राहिनी, देख."

तिने घडी उशाशी ठेवली. मग विचारलं, "तो दिवाळीतला सामना आपण हरलो होतो ना, ताई?"

"हो."

"तुम्ही जिंकलो म्हणालात तेव्हा त्यांनी फोन छातीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. हाताला सुई लावलेली होती, मी नको नको म्हणत होते."

त्या टाळ्या मला फोनमधून ऐकू आल्या होत्या. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, फसला बिचारा.