कृष्णाबाईचा राहिलेला नारळ

लढाई लागली तेव्हा माझं लग्न नवं होतं. मालक फौजेत. त्यांच्या पत्रात एवढंच, की सरहद्दीजवळच्या एका मोठ्या नदीवर लोखंडी पूल आहे, त्याच्या पहाऱ्यावर आहे. मी तडक कुंडलहून कराडचा संगम गाठला आणि नवस बोलले, "कृष्णाबाई, माझा माणूस आणि तो पूल, दोन्ही सुखरूप ठेव. खणानारळानं तुझी ओटी भरीन." नदी तिकडची, नवस इकडच्या नदीला! पण बायाबायांत निरोप पोचतो, अशी माझी अक्कल.

मालक आले. पूल गेला. मी बाजारात पावशेर मिरचीला घासाघीस करणारी. नदीशीही तेच केलं. खण वाहिला आणि नारळ घरी परत आणला.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, देवाशी बी भाव करतीस व्हय?"

"आवं आत्या, काम निम्मंच झालंय न्हवं!"

वर त्या नारळाची चटणी केली. जेवताना मालकांना सगळं ऐटीत सांगितलं. ते चटणीकडं बघत म्हणाले, "पूल आमीच उडवला. पलीकडनं रणगाडे याय लागले, हुकूम आला."

म्हणजे माझा नवस सरकारी हुकमाच्या विरुद्ध! मला हसू आवरेना. ते मात्र ताटावरून उठले. "तिथल्या गावातल्या बाया त्या पुलावरनं म्हायेरला जायच्या," एवढंच बोलले.

तेव्हापासून एसटी कराडच्या पुलावर आली की ते डोळे मिटायचे. मी शहाणी, इतकी वर्षं म्हणत राहिले, "बसलं की लागली डुलकी!"

परवा त्यांच्या पलटणीतल्या सोबत्यानं मोबाइलवर फोटो धाडला. त्याच जागी नवा पूल, त्यावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया चाललेल्या. मालक चष्मा पुसून पुसून बघत होते. मग म्हणाले, "चल. तुझा नारळ ऱ्हायलाय."

दुखरे गुडघे घेऊन दोघं संगमावर गेलो. नारळ सोडताना माफी मागायची ठरवली होती, पण तोंडातून निघालं, "बाई, उशीर तुझ्याकडनं झालाय." मालक पाण्याकडं बघून हसले.

परतताना खिडकीशी तेच बसले. पूल आला तसे डोळे उघडे ठेवून म्हणाले, "रुपया हाय का, नदीत टाकाय?"

माझ्याकडं पाचाचंच नाणं होतं. दिलं. नदीकडं सुटे मागितले नाहीत, एवढी माझी सुधारणा.