जातेबाई

आमच्या बिबवेवाडीतल्या बालवाडीच्या बाईंना पालक पाठीमागे 'जातेबाई' म्हणत. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. बाईंचं नेमकं उलट. मुलाला सोडायला आलेली आई दारात 'येते हं' म्हणाली की त्या चष्म्यावरून बघत. "येताय कुठे? जाताय ना? मग जाते म्हणा. आणि परत कधी येणार तेही सांगा." एखादीने मुलाची नजर चुकवून सटकायचा बेत केला, तर "फसवायचंच असेल तर घरी फसवा, त्यासाठी शाळा कशाला हवी?" असं ऐकवत.

मी माझ्या लेकीला, सईला, त्यांच्याकडे नेलं. सई तीन वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिचा बाबा 'आलोच' म्हणून स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडला आणि मार्केट यार्डजवळच्या चौकात ट्रकखाली गेला. तेव्हापासून सई दाराकडे तोंड करून बसायची. जेवण दारासमोर, खेळ दारासमोर. मी चप्पल घातली तरी किंचाळायची. आणि मला सारखं वाटायचं, आम्ही एकमेकींच्या नजरेआड झालो की दोघींपैकी एकीला काहीतरी होणार.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जाते म्हणा."

"बाई, तो शब्द नको हो. अशुभ असतं."

"आणि 'आलोच' शुभ होतं ना?"

मला इतका राग आला, की वाटलं, तशीच सईला उचलून घरी जावं. पण बाईंनी माझा हात धरला. "माणसं जातात हे तिला कळलंय. काही माणसं सांगून जातात आणि सांगितल्यासारखी परतही येतात, हे अजून कळायचंय. तेवढंच करायचंय आपल्याला."

कसंबसं म्हणाले, "सई, मी जाते. तुझा डबा खाऊन झाला की येते." मग फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून सईचं रडणं ऐकू येत होतं. ते थांबलं तेव्हा तर मी जास्तच घाबरले.

बाईंच्या वर्गात महागडी खेळणी नव्हती. एक जुनी पर्स, मोठ्यांच्या चपला, भातुकली आणि फरशीवर खडूने काढलेलं दार. मुलं घर-घर खेळत आणि सई त्या खडूच्या दाराशी पहारा देत बसे. बाईंनी तिला एकदाही उठवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून चपला घातल्या, पर्स खांद्याला अडकवली, बाहुलीला म्हणाली, "जाते. डबा खा," आणि रेघ ओलांडून वर्गाला चक्कर मारून आली. "आले बघ." बाईंनी हे मला सांगितलं तेही त्यांच्याच पद्धतीने. "आज पन्नास वेळा गेली आणि आली. दमली असेल, लवकर झोपवा."

एकदा मी वाहतुकीत अडकले. चाळीस मिनिटं उशीर. सगळं पुन्हा मोडणार या भीतीने रस्ताभर पळत आले. दोघी पायरीवर बसल्या होत्या. "मी तिला सांगितलं, आईला उशीर झालाय. का, ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. सईचे गाल ओले होते. "आई, डबा कधीच झाला," ती रागावून म्हणाली. ती किंचाळली नव्हती, रागावली होती. मला तिथेच रडू फुटलं.

सई दुसरीत असताना बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सईने हट्टच धरला म्हणून त्या सकाळी मी तिला हॉस्पिटलात भेटायला घेऊन गेले. बाईंचे ओठ सुकले होते. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आत न्यायला माणसं आली, तेव्हा सईचं बोट घट्ट धरून त्या म्हणाल्या, "आलेच हं."

सई म्हणाली, "बाई, तुम्ही जाताय."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "हो गं. जाते. परत कधी येईन, ते मला माहीत नाही."

बाई परत आल्या नाहीत. सई आठवडाभर रडली. पण दाराकडे तोंड करून बसली नाही.