शेजारणीची मसूर डाळ आणि माझी फोडणी

टोरोंटोतल्या आमच्या बिल्डिंगमधली साठ कुटुंबं एका शनिवारी माझ्यामुळे बर्फात उभी होती. काहीजण तर सपाता घालून!

कारण? मसूर डाळ!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. समोरच्या अपार्टमेंटमध्ये लाहोरची नसीम राहायची. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी मुद्दाम कधी आलू-पालक, कधी मसूर डाळ पाठवायची. ऑफिसातून गारठून आलेले आमचे हे चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावत.

"अगं, पोटात शेकोटी पेटल्यासारखं वाटतं! विचार ना नसीमभाभींना, कशी करतात."

(माझ्या आमटीने बारा वर्षांत साधी काडीसुद्धा पेटवली नव्हती!)

गेले विचारायला. नसीम हसली. "कुछ नहीं भाभी. चार कलियाँ लहसुन, दो लाल मिर्च, घी का तड़का. बस!"

बस? एवढ्यावर माझा नवरा वाटी चाटतो? नक्की काहीतरी लपवत होती! मग मीही ठरवलं, हिच्यावर ताण करायची. लसणाचा अख्खा गड्डा घेतला. मिरच्या नऊ! तूप धुरावेपर्यंत तापवलं आणि सगळं एकदम आत सोडलं.

"अगं, काय जाळलंस?" हे खोकत खोकत आले. "खिडकी उघड!"

खिडकी गोठलेली. मी दार उघडलं. धूर कॉरिडॉरभर पसरला आणि फायर अलार्म ठणाणा वाजायला लागला!

पाच मिनिटांत सगळे खाली. पाठोपाठ बंब. बिल्डिंगचा सुपरिन्टेंडंट लालबुंद होऊन ओरडला, "हू डिड धिस?"

मी बर्फाकडे बघत राहिले. नसीमने माझ्याकडे पाहिलं (माझ्या हातात अजून फोडणीची पळी होती!) आणि सरळ पुढे झाली. "सॉरी. माय कुकिंग."

"ओह, युवर्स?" तो चक्क विरघळला. "नो वंडर! स्मेल्स ग्रेट! सेव्ह मी सम!"

सगळे हसले. एका आजींनी तिला स्वतःची शाल दिली. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "बघ, किती मोठं मन!"

फोडणी मी जाळली, कौतुक हिचं? मला राहवेना.

"नो, नो!" पळी उंचावून मी ओरडले. "आय डिड इट! ऑल बाय मायसेल्फ!"

बंबवाल्याने दंडाची वही काढली आणि नाव विचारलं. चुकायला नको म्हणून मी त्याला स्पेलिंग दोनदा सांगितलं.