आधी दार, मग नाव

गावात त्यांना संपादक कुणी म्हणत नसे. म्हणत तारमास्तर. पूर्वी तार आली की घरादाराच्या तोंडचं पाणी पळायचं, तसं यांची सायकल दाराशी टेकली की पळायचं. बायकोसुद्धा बजावायची, "माझ्या माहेरी जाल तेव्हा सायकल मागच्या गल्लीत लावा हो. गेल्या खेपेला आईला चक्कर आली."

माणूस तसा मुंगीलाही वाट देणारा. बाप छापखान्यात शिशाचे खिळे जुळवता जुळवता खोकून गेला. मुलानं त्याच छापखान्यातून चार पानांचं साप्ताहिक काढलं. देवाचं त्यांना फारसं नव्हतं. नेम एकच: मेलेल्याचं नाव छापायचं तर आधी स्वतः त्याच्या दारी जायचं, आणि घरच्यांच्या तोंडून नाव नि वय लिहून घ्यायचं.

हा नेम हात पोळल्यावरचा. उमेदीच्या दिवसांत एका ट्रक अपघाताची बातमी त्यांनी घाईनं छापली. ड्रायव्हरची बायको नळाच्या रांगेत होती, निरक्षर. पुढच्या बाईनं पेपर मोठ्यानं वाचला. नवऱ्याचं नाव ऐकून हिनं भरलेली कळशी घरापर्यंत नेली, नीट खाली ठेवली आणि मग कोसळली. एक थेंब सांडला नाही म्हणे. त्या न सांडलेल्या थेंबानं तारमास्तरांची झोप उडवली ती उडवलीच.

त्या दिवशी सकाळी दगडाच्या खाणीत कडा खचला. मॅनेजरनं सात नावं कळवली. तारमास्तर सातही दारं करून दुपारी दवाखान्यात गेले. तिथे चादरी आठ. आठवीखालून बूट दिसत होते. त्यांचेच जुने बूट, भाच्याला दिलेले. थोरल्या बहिणीचा एकुलता एक. त्यांनी चादर वर केली, पुन्हा खाली केली आणि मॅनेजरला फोन लावला.

"आठवा कोण?"

"हजेरीपटावर सातच आहेत. असेल कुणी वाटसरू."

"वाटसरू खाणीच्या तळाशी काय करत होता, हवा खात होता?"

फोन कट.

चारला छपाई. आज सात छापले की सातच खरे. आठ दिवसांनी आठव्याचं कोण ऐकणार? आणि बहिणीनं सांगितल्याशिवाय नाव तरी कसं छापायचं?

तीन वाजता ते तिच्या दारी पोचले. ती उंबऱ्यातच होती. तिनं सायकल पाहिली.

"उचल ती सायकल."

"ताई..."

"भाऊ म्हणून आला असशील तर आत ये, चहा टाकते. वही घेऊन आला असशील तर तोंड उघडू नकोस."

दार धाडकन लागलं. ते पायरीवर बसले. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. एकच पातेलं, पुन्हा पुन्हा. नाव त्यांना ठाऊक होतं, वय ठाऊक होतं. पोराला सायकल त्यांनीच शिकवली होती. उठून गेले असते तर कुणी विचारणार नव्हतं. पण माणूस जागचा हलला नाही.

साडेतीनला दार उघडलं.

"तोंड पाहिलंस?"

"पाहिलं. पायात माझे बूट होते."

"मोठे व्हायचे त्याला. पुढे कापूस कोंबायचा." ती शेजारी टेकली. "खाणीची माणसं येऊन गेली. म्हणाली, तुमचा मुलगा आमच्याकडे कामाला नव्हताच. मला बरं वाटलं रे. म्हटलं, नव्हता तर मेलाही नसेल."

तारमास्तरांनी खिशातली वही काढून मांडीवर ठेवली. तिनं वहीकडे पाहिलं.

"तू लिहिलंस की तो गेला."

"हो."

"आणि नाही लिहिलंस तर?"

"तर तो कधी नव्हताच, ताई."

ती बराच वेळ ओले हात पदराला पुसत राहिली.

"लिही. वय पंचवीस घाल. सव्वीस पुढच्या महिन्यात लागणार होतं."

त्यांनी लिहिलं.

"आता वाचून दाखव."

इतकी वर्षं लोकांच्या दारात न अडखळलेला माणूस दुसऱ्या अक्षराला अडकला. समोरच्या दोन खिडक्या हळूच बंद झाल्या.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "ऐकू दे सगळ्यांना. मग नीघ, चार वाजायला आले."